लेड झेपेलिन, १३ जुलै १९८५: वय आड आलं नव्हतं, मग काय आलं?

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)

फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियममधला तो वीस मिनिटांचा कार्यक्रम मी इतकी वर्षं मुद्दाम पाहिला नव्हता. गेल्या आठवड्यात एका रात्री पाहिला, लगेच दुसऱ्यांदा पाहिला, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बोनम २५ सप्टेंबर १९८० ला गेला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी, म्हणजे गायक रॉबर्ट प्लँट, गिटारवादक जिमी पेज आणि बेस व कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स यांनी, बँड थांबवत असल्याचं जाहीर केलं. माझ्या हातात आतेभावाकडून पहिली कॅसेट आली तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. मला हा बँड भेटला तोच संपलेला. त्याचं दुःख नव्हतं. उलट एक प्रकारची निश्चिंती होती, की जे आहे ते एवढंच आणि ते आता कुणी बिघडवणार नाही. मग कधीतरी कळलं की बोनम गेल्यावर पाच वर्षांच्या आत हे तिघे पुन्हा एकत्र आले होते. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या 'लाइव्ह एड'मध्ये, समोर सुमारे ९० हजार माणसं, शिवाय उपग्रहावरून सगळं जग. ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे एकच सांगत, "तू बघू नकोस."

तीन गाणी आहेत. 'रॉक अँड रोल', 'होल लॉटा लव्ह' आणि 'स्टेअरवे टू हेवन'. ड्रमवर दोघं, फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्पसन. जोन्सला कीबोर्डही सांभाळायचा असल्याने बेससाठी प्लँटच्या स्वतःच्या बँडमधला पॉल मार्टिनेझ. प्लँटचा आवाज पहिल्याच ओळीत खरखरतो आणि वर जाताना फाटतो. पेजची गिटार सुरात नाही, हे कळायला कान तयार असायचीही गरज नाही. 'स्टेअरवे'चा सोलो मी शाळेच्या वयात शिट्टीवर पाठ केला होता. इथे तो सुरू झाला आणि मी आवाज कमी केला. स्वतःच्याच आवडत्या माणसांचा आवाज आपण कमी करतोय, हे लक्षात आल्यावर फार वाईट वाटलं.

पण धागा काढला तो रडण्यासाठी नाही. दुसऱ्यांदा पाहताना मी सहज वयं मोजली. त्या दिवशी प्लँट ३६ वर्षांचा होता, जोन्स ३९ चा, पेज ४१ चा. अशा कार्यक्रमांबद्दल आपण नेहमी काय म्हणतो? वय झालं, आता झेपत नाही, आठवणी राहू द्यायच्या होत्या. इथे तर ते ऐन उमेदीत होते. आणि हेच तिघे १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात बोनमचा मुलगा जेसन याला घेऊन पुन्हा उभे राहिले तेव्हा प्लँट ५९ चा, जोन्स ६१ चा, पेज ६३ चा. तो कार्यक्रम दोन तासांहून मोठा होता, आणि तो ऐकताना एकदाही आवाज कमी करावासा वाटत नाही.

बावीस वर्षांनी म्हातारे होऊन माणसं चांगली कशी वाजवू लागली? जाणकारांनी लिहावं.

निशाचर

रुमाल टाकून ठेवतो. मला तो कार्यक्रम आवडतो, पण ते नीट सांगायला वेळ हवा.

ठेका

मी ड्रम वाजवतो, तेव्हा पहिल्या गाण्यापुरतं बोलतो.

'रॉक अँड रोल'ची सुरुवात नुसत्या ड्रमने होते आणि ती भयंकर फसवी आहे. ऐकणाऱ्याला वाटतं पहिला ठोका समेवर पडला. तो समेवर नाहीच. तिसऱ्या मात्रेनंतरच्या अर्ध्या मात्रेवरून ती उचल आहे. ती उचलच सम धरून मोजायला लागलात, तर गिटार आत येते त्या क्षणी पायाखालची फळी सरकते. बोनमने ही सुरुवात लिटल रिचर्डच्या 'कीप अ नॉकिन'वरून घेतली होती. आम्ही शिकत असताना निम्मी मुलं तिथेच आपटायची. मोजून ती येत नाही. शंभर वेळा वाजवून अंगात भिनली की मग मोजावं लागत नाही.

आता हीच उचल दोन ड्रमरांनी मिळून घ्यायची. लाइव्ह एड एकाच दिवशी लंडन आणि फिलाडेल्फिया अशा दोन ठिकाणी झालं. त्यातला कॉलिन्स त्या दिवशी दुपारी लंडनला वेम्ब्लीच्या मंचावर होता. तिथून कॉनकॉर्ड या अतिवेगवान विमानाने अटलांटिक ओलांडून आला, आधी एरिक क्लॅप्टनबरोबर ड्रम वाजवले, मग स्वतःची गाणी म्हटली आणि मग झेपेलिनबरोबर बसला. थॉम्पसननेही त्याच दिवशी 'पॉवर स्टेशन' या बँडबरोबर वाजवलं होतं. बाकीच्यांनी एक-दोन तासांची तालीम केली म्हणतात. कॉलिन्स त्या तालमीला नव्हताच.

दोन ड्रमसेटचा हिशेबही बघा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोघं पाच मीटर लांब बसले तर एकाचा ठोका दुसऱ्याच्या कानी १५ मिलिसेकंदांनी पोचतो. हा उशीर लहान वाटेल. पण तुम्ही माझ्यासाठी थांबलात, मी तुमच्यासाठी थांबलो, की लय मागे खेचली जाते आणि ठोका एकच पडायच्या जागी जोड पडतो. यावर उपाय एकच, कोण पुढे आणि कोण मागे हे आधी ठरलेलं असणं. ग्रेटफुल डेड या बँडमध्ये दोन ड्रमर वर्षानुवर्षं शेजारी बसले, म्हणून जमलं.

बरं, कॉलिन्सला दोघांनी वाजवण्याची सवय नव्हती असंही नाही. त्याच्या जेनेसिस या बँडमध्ये चेस्टर थॉम्पसनबरोबर त्याने वर्षानुवर्षं तेच केलं. प्लँटच्या पहिल्या दोन सोलो अल्बमवरही कॉलिन्स आहे. तेव्हा 'कुठून हा परका आणून बसवला' असं जे म्हणतात ते मला पटत नाही. पेजने पुढे मुलाखतींमधून ड्रमवर खापर फोडलं. कॉलिन्सचं म्हणणं असं, की आणखी घोळ नको म्हणून काही ठिकाणी तो काठ्या नुसत्या हवेत फिरवत होता आणि उठून जाता आलं असतं तर गेला असता. तेवढ्या माणसांसमोर एखादा वादक असं ठरवतो तेव्हा तो किती एकटा पडला असेल, हे मला आतून कळतं.

खर्ज

ठेका, सुंदर प्रतिसाद. गाण्याच्या बाजूने मी भर घालते.

प्लँट त्या महिन्यात स्वतःच्या दौऱ्यावर होता आणि घसा आधीच बसलेला होता. रोज ओढल्यावर स्वरतंतू सुजतात. सुजले की जड होतात, आणि जड तंतू भराभर कंप पावत नाहीत, त्यामुळे सगळ्यात आधी वरचे स्वर जातात. खालचे बिचारे शाबूत असतात. अशा वेळी शहाणा गायक दोन गोष्टी करतो. पट्टी खाली घेतो किंवा चाल जरा वळवून वरचा स्वर टाळतो. पण दोन्हीसाठी बाकीच्यांशी आधी बोलावं लागतं. गिटारवाल्याला ऐनवेळी "दोन सूर खाली घे" म्हणून चालत नाही, त्याची मोकळ्या तारांवरची सगळी बोटं बदलतात.

शिवाय प्लँटला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसणार. आजच्यासारखे कानात घालायचे मॉनिटर तेव्हा सर्रास नव्हते, पायापाशी ठेवलेले स्पीकर असत. एक बँड उतरला की दुसरा चढणार, आवाज तपासून घ्यायला सवड नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. मागे दोन ड्रमसेट असताना बसलेल्या घशाने तेच करत राहायचं म्हणजे तिसऱ्या गाण्यापर्यंत काय शिल्लक राहणार? 'स्टेअरवे' शेवटी आहे आणि त्याचा सर्वांत अवघड भाग त्या गाण्याच्याही शेवटी.

२००७ मध्ये त्यांनी बरीच गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतली. काही चाहत्यांना ती फसवणूक वाटते. मला तो त्या रात्रीचा सगळ्यात प्रामाणिक निर्णय वाटतो. वयाबरोबर स्वरतंतूंची लवचीकता कमी होते. ती मान्य करून साठीच्या उंबरठ्यावरचा प्लँट जे गातो त्यात एक ठेहराव आहे. छत्तिसाव्या वर्षी त्याने जुन्या स्वतःची नक्कल करायला घेतली होती. पन्नाशी उलटून गेल्यावर तो स्वतःच्या आजच्या आवाजात गायला. धागाकर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

सरळरेघ

इथे सगळे फार समजूतदारपणे बोलताहेत. मला राग येतो, आणि तो मी मांडणार.

तालीम झाली नाही म्हणजे काय? ती कुणी करायची होती? त्याच दिवशी लंडनच्या वेम्ब्लीत क्वीनने २१ मिनिटं वाजवलं. ते पुन्हा एकत्र आलेले वगैरे नव्हते, नियमित वाजवणारा बँड होता. तरी त्यांनी आधी एक थिएटर घेऊन दिवसच्या दिवस तालीम केली, घड्याळ लावून, कुठलं गाणं कितीला तोडायचं ते बसवून. ज्यांना गरज कमी त्यांनी तालीम केली. आणि जे पाच वर्षांत एकत्र उभे राहिले नव्हते, ज्यांचा ड्रमर हयात नव्हता, ते एक-दोन तासांत आटपून मंचावर गेले. याला दुर्दैव म्हणू नका. समोरच्या माणसांना गृहीत धरणं म्हणा.

गिटार सुरात नसणं तर मला अजिबात कळत नाही. जुलैतल्या उन्हाने तापलेलं स्टेडियम, पोलादी तार तापली की ढिली पडते आणि सूर उतरतो, हे त्या मंचावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हातात गिटार देण्याआधी ती लावून द्यायची, एवढंच काम.

निशाचर

आता माझा रुमाल उचलतो. सरळरेघ, राग समजतो, पण तुम्ही त्या वीस मिनिटांकडे मैफल म्हणून बघताय. ती मैफल नव्हती. दुष्काळात माणसं मरत होती आणि पैसे गोळा करायचे होते. बोलावणं आलं, हे तिघे गेले. नकार देणं त्यांना सहज जमलं असतं, आणि नकार दिला असता तर आज कुणी बोट दाखवलं नसतं. आपली लाज पणाला लावून माणूस अशा कामाला जातो, तेव्हा त्याच्या सुराचा हिशेब मी वेगळ्या वहीत लिहितो.

आणि गर्दी ऐका. पहिल्या गाण्याच्या आधीची, आणि 'स्टेअरवे'चे सुरुवातीचे सूर ओळखल्यावरची. त्या माणसांना फसवल्यासारखं वाटत नव्हतं. बोनम गेल्यावर हा बँड पुन्हा दिसणार नाही असं ते धरून बसले होते आणि तो संध्याकाळी आठच्या सुमारास समोर उभा होता. आपण रेकॉर्डिंग ऐकतो, त्यांनी माणसं पाहिली. रेकॉर्डिंगमध्ये फक्त आवाज उरतो आणि आवाजच नेमका वाईट होता.

त्याच दिवशी, त्याच मंचावर सकाळी ब्लॅक सॅबथ हा बँडही मूळ चौघांनिशी आला होता, गायक ऑझी ऑसबोर्नसह. तेही वर्षानुवर्षांनी. तीन गाणी वाजवून गेले. त्यांच्याबद्दल कुणी असे धागे काढत नाही, कारण त्यांच्याकडून आपण इतकी अपेक्षा धरून बसलेलो नव्हतो.

जुनी_कॅसेट

निशाचर, शेवटचं वाक्य लागलं. अपेक्षेचा भाग माझा आहे, मान्य. पण गर्दीचा मुद्दा मी उलटा वाचतो. ९० हजार माणसं एवढ्या प्रेमाने उभी होती, म्हणूनच त्यांना चांगलं वाजवलेलं मिळायला हवं होतं. प्रेम करणारा माणूस बेसूरही गोड मानून घेतो. त्याने मानून घेतलं म्हणजे आपलं काम झालं, असं वाजवणाऱ्याने समजू नये. आणि हे त्यांनाही वाटलं असणार, कारण प्लँट पुढे स्वतःच त्या कार्यक्रमाबद्दल फार कडक शब्दांत बोलला. २००४ मध्ये लाइव्ह एडच्या डीव्हीडी निघाल्या तेव्हा झेपेलिनने आपला भाग घालू दिला नाही.

सरळरेघ

हा डीव्हीडीचा निर्णय मात्र मला चूक वाटतो. झालं ते झालं. जगाने पाहिलं होतं, घराघरांत टेपा होत्या. लपवून ते नाहीसं होणार नव्हतं. ते त्यात राहायला हवं होतं, जसं आहे तसं.

खर्ज

इथे मी त्यांच्या बाजूने. आपली वाईट बैठक कुणी कायमची विकत ठेवावी असं कुठल्या गाणाऱ्याला वाटेल? न दाखवण्याचा हक्क कलाकाराला असावा.

वाचनमात्र

एरवी फक्त वाचतो, आज राहवलं नाही.

कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता. मी बेस वाजवायचो. तीन वर्षं रोज संध्याकाळी एकत्र असायचो. मग चौघं चार दिशांना गेलो. सतरा वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आम्हाला बोलावलं. सगळे खूश. आदल्या रात्री भेटलो, दोन तास वाजवलं, बरंच हसलो. आणि दुसऱ्या दिवशी मंचावर पार धुळीला मिळालो.

कुणी काही विसरलं नव्हतं. हे मला कळायला फार दिवस लागले. प्रत्येकाला गाणी अगदी नीट आठवत होती, पण प्रत्येकाच्या आठवणीत ती वेगवेगळी झाली होती. माझ्या डोक्यातलं गाणं संथ झालं होतं, कारण मी ते एकटाच गुणगुणायचो. गिटारवाला मधल्या काळात दुसऱ्यांबरोबर वाजवत होता, त्याच्या हातात ते पळायला लागलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, पूर्वी कडव्याकडे वळायच्या आधी मी ड्रमरकडे बघून मान हलवायचो. त्या दिवशीही हलवली. तो खाली बघत होता. सतरा वर्षांत त्याची वर बघायची सवय गेली होती. मी मान हलवली आणि ती कुणी घेतलीच नाही. मी एकटा कडव्यात गेलो, बाकीचे मागेच राहिले.

पुढचे पाच महिने आम्ही दर रविवारी भेटलो. कुठे वाजवायचं नव्हतं, पण ते तसंच सोडून देववेना. चौथ्या की पाचव्या रविवारी त्याने एकदा वर पाहिलं.

म्हणून जेव्हा ते फिलाडेल्फियाचं रेकॉर्डिंग लागतं तेव्हा मी आवाजापेक्षा जोन्सकडे बघतो. बेस वाजवणारा माणूस बारा वर्षं एकाच ड्रमरच्या उजव्या पायाला बांधलेला होता. तो पाय आता नाही. मागे दोन माणसं आहेत, दोघंही उत्तम, आणि त्यातलं एकही त्याचं नाही.

ठेका

वाचनमात्र, तुम्ही लिहीत जा. एवढंच म्हणतो.

निशाचर

खरंच. माझा विरोध जरा ढिला पडला.

दुसरी_बाजू

धागा उशिरा पाहिला. चर्चा उगाच अवघड केली आहे असं वाटतं. उत्तर सोपं आहे: १९८५ ला बोनम नव्हता, २००७ ला बोनमचा मुलगा होता. रक्तातच ते वाजवणं आहे. जेसनला १९८५ मध्येच बसवला असता तर हा धागा निघाला नसता.

ठेका

दुसरी_बाजू, असहमत, आणि पुरावा हाताशी आहे. १४ मे १९८८, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, झेपेलिनची रेकॉर्ड कंपनी अटलांटिक रेकॉर्ड्स हिच्या चाळिशीचा सोहळा. हेच तिघे, आणि ड्रमवर जेसन. पाच गाणी. तोही कार्यक्रम फसला. सोहळा लांबत गेला आणि यांची पाळी मध्यरात्रीनंतर आली. 'स्टेअरवे' म्हणायचं की नाही यावरून प्लँट आणि पेज यांच्यात शेवटपर्यंत ओढाताण. 'कश्मीर'ला टीव्हीवर जोन्सचा कीबोर्डच ऐकू येत नव्हता, आणि कीबोर्ड काढला तर त्या गाण्यात राहतं काय? म्हणजे रक्त तेच, माणसं तीच, निकाल जवळपास १९८५ चाच. जेसन तेव्हा २१ वर्षांचा होता. २००७ ला तो ४१ चा होता आणि मधल्या वीस वर्षांत त्याने स्वतः भरपूर वाजवलं होतं.

आणखी एक. १९८६ च्या सुरुवातीला या तिघांनी थॉम्पसनला घेऊन इंग्लंडमध्ये बाथला काही दिवस तालीम करून पाहिली. थॉम्पसनला तिथे मोटार अपघात झाला आणि ते बारगळलं. ते पुढे गेलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. थॉम्पसन शीक या डिस्को-फंक बँडमधला माणूस. त्याची लय घट्ट, जड, जमिनीत रुतलेली. दोन महिने मिळाले असते तर त्याचं स्वतःचं काहीतरी निघालं असतं, बोनमची नक्कल नसलेलं. लोक १९८५ च्या त्या वीस मिनिटांवरून त्याला तोलतात हे मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी_बाजू

१९८८ चं ठाऊक नव्हतं. मुद्दा मागे घेतो. पण मग पिंक फ्लॉइड या बँडचं काय? २ जुलै २००५, लंडनचा हाइड पार्क, लाइव्ह एट. त्यांच्यातल्या वॉटर्स आणि गिल्मर यांच्यातलं वैर जगजाहीर होतं, चौघं २४ वर्षांनी एकत्र आले, वेळ साधारण तेवढाच, निमित्तही समाजहिताचंच. चार गाणी आणि चारही अप्रतिम. तिथे थोड्याशा तालमीवर कसं भागलं?

खर्ज

कारण फ्लॉइडचं संगीत ऐसपैस आहे. 'विश यू वेअर हिअर'ला श्वास घ्यायला जागा असते, दोन सुरांमध्ये एखादा क्षण मागेपुढे झाला तर बोचत नाही. झेपेलिनमध्ये चौघं कायम एकमेकांच्या अंगावर येऊन वाजवतात, फट राहिली की लगेच दिसते. आणि त्यांचा ड्रमर मेसन हयात होता, कीबोर्डवाला राइट हयात होता. त्यांना परकं कुणी मधोमध बसवावं लागलं नाही. तीन वर्षांनी, सप्टेंबर २००८ ला राइट गेला. हाइड पार्कच्या कार्यक्रमाच्या शेवटी चौघं मिठी मारतात तो क्षण मला अजून डोळे भरल्याशिवाय बघवत नाही.

सरळरेघ

खर्ज, बरोबर. पण त्यांनीही थोडे दिवस का होईना, स्टुडिओ घेऊन तालीम केलीच होती. माझा राग तिथेच आहे.

क्रीम या बँडचंही तसंच पाहा. मे २००५ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलला चार रात्री केल्या, त्या तयारीनिशी. त्याच ऑक्टोबरात न्यू यॉर्कला गेले, तर बेसचा आवाज किती ठेवायचा यावरून बेसवादक ब्रूस आणि ड्रमर बेकर यांचं जुनं भांडण पुन्हा वर आलं. पाच महिन्यांचंच अंतर, माणसं तीच.

जुनी_कॅसेट

सगळ्यांचे आभार. दोन दिवस तुमचे प्रतिसाद वाचून काल रात्री १९८५ आणि २००७ पाठोपाठ लावले.

वाचनमात्र यांच्या सांगण्यावरून नजरा बघितल्या. २००७ चा मंच प्रचंड आहे, हवं तर चौघं चार कोपऱ्यांत उभे राहू शकले असते. पण ते ड्रमपाशी गोळा होतात, अगदी लहान खोलीत तालीम चालल्यासारखे. जोन्स तर जेसनच्या जवळून हलतच नाही म्हणा. पहिलं गाणं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स', १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं पहिलं. ड्रमची परीक्षा तिथेच, पायाने तिहेरी ठोके, बोनमने एकाच पेडलवर वाजवलेले. जेसन ते वाजवतो आणि जोन्स त्यावर बेस ठेवतो. मला तिथेच कळलं की आज आवाज कमी करावा लागणार नाही.

हेही वाचलं की तो कार्यक्रम मुळात २६ नोव्हेंबरला होता, पेजचं बोट मोडलं म्हणून १० डिसेंबरला गेला. तालमीचे आठवडे त्याआधीच झालेले होते. १९८५ मध्ये बोट मोडलं असतं तर कार्यक्रम पुढे गेला नसता, हा मला मोठा फरक वाटतो. उपग्रह कुणाच्या बोटासाठी थांबत नाहीत.

सरळरेघ, तुमचा राग आता माझ्यातही थोडा आला आहे. निशाचर, तुमची वेगळी वहीही मी ठेवली आहे. दोन्ही एकाच वेळी वाटतात आणि मला त्यांचा मेळ घालता येत नाही.

ठेका, एक विचारायचं होतं. २००७ मधलं नेमकं कुठलं गाणं ऐकू, म्हणजे तालीम काय करते ते कानाला कळेल?

ठेका

'फॉर युअर लाइफ'. १९७६ च्या 'प्रेझेन्स' अल्बममधलं आहे, आणि बोनम असताना त्यांनी ते मंचावर एकदाही वाजवलं नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा वाजवलं. बाकीच्या बहुतेक गाण्यांना जुन्या रात्रींची आठवण मदतीला होती, याला नव्हती. त्यात जे ऐकू येतं ते सगळं त्या खोलीत चौघांनी मिळून बसवलेलं आहे. मध्ये लय थांबून पुन्हा उचलते त्या जागा बघा. कुणी कुणाची वाट बघत नाही.

वाचनमात्र

मीही लावतो आज. आमच्या ड्रमरलाही दुवा पाठवला आहे.